वृषणात दुखतंय? आधी घड्याळ बघा

वृषण दुखू लागलं की पहिला विचार येतो तो गोळीचा. कोणती घेऊ, किती घेऊ, सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का. त्याआधी एक आकडा कागदावर किंवा मोबाइलमध्ये टिपून ठेवा: दुखणं किती वाजता सुरू झालं. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर ठरतात. डॉक्टरही पहिल्यांदा तेच विचारतील, आणि "काल रात्री कधीतरी" या उत्तराचा त्यांना फारसा उपयोग होत नाही.

शब्दांचा गोंधळ आधी मिटवू. हाताला लागते ती आतली अंडाकृती गोटी म्हणजे वृषण. तिच्याभोवतीची कातड्याची पिशवी म्हणजे अंडकोष. बोलताना दोन्हींना अंडकोषच म्हटलं जातं, पण डॉक्टरांना सांगताना दुखतंय ते गोटीत, तिच्या मागच्या बाजूला, कातडीत की वर जांघेत, एवढं नेमकं सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं. वृषणाच्या मागच्या बाजूला दोरीच्या वेटोळ्यासारखा मऊ भाग लागतो, तो अधिवृषण. शुक्राणू तिथे साठतात आणि पक्व होतात. वृषण ज्या दोरीला टांगलेलं असतं तिला शुक्ररज्जू म्हणतात. रक्तवाहिन्या, नसा आणि वीर्यनलिका तिच्यातूनच जातात. वृषणाचा सगळा रक्तपुरवठा या बोटभर जाडीच्या दोरीवर अवलंबून आहे, आणि खरा धोकाही तिथेच आहे.

अचानक कळ आली असेल तर

शुक्ररज्जूला पीळ पडला की आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. रक्त आत येत राहतं पण बाहेर पडत नाही, म्हणून वृषण सुजतं. सुजेमुळे दाब वाढतो आणि मग रक्त आणणारी धमनीही बंद पडते. त्यानंतर वृषणाच्या पेशी मरू लागतात. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहातली नऊ वृषणं वाचतात. बारा तासांपर्यंत हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं आणि चोवीस तासांनंतर वाचण्याची आशा फार थोडी उरते. पीळ एका पूर्ण वेढ्याचा असेल तर थोडा जास्त वेळ मिळतो. दोन वेढे असतील तर तेवढाही मिळत नाही. किती वेढे पडलेत हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे सहा तास ही हक्काची मुदत धरू नका.

हे सगळ्यात जास्त घडतं ते १२ ते १८ वर्षांच्या मुलांमध्ये. या वयात वृषण झपाट्याने वाढतं, आणि काहींमध्ये ते जन्मतःच मागच्या बाजूने नीट चिकटलेलं नसतं. घंटेतल्या लोलकासारखं ते मोकळं हलत असतं. ही ठेवण बहुधा दोन्ही बाजूंना असते. तिशी-चाळिशीतल्या पुरुषालाही पीळ पडू शकतो. "आता वय झालं, पीळ नसेल" हा अंदाज काही वेळा महागात पडतो.

पिळाची खूण पटवणारं चित्र असं असतं:

- दुखणं मिनिटांत टोकाला पोहोचतं, बहुतेकदा एकाच बाजूला. झोपेतून कळ येऊन जाग येणं हे तर अगदी नेहमीचं.
- मळमळ किंवा उलटी होते. जंतुसंसर्गात सुरुवातीलाच उलटी होणं तितकंसं दिसत नाही.
- दुखरं वृषण दुसऱ्यापेक्षा वर चढलेलं आणि काहीसं आडवं झालेलं दिसतं, हाताला कडक लागतं.
- मांडीच्या आतल्या बाजूला बोट हलकेच ओढलं की एरवी त्या बाजूचं वृषण वर उचललं जातं. पिळात ही हालचाल बहुधा दिसत नाही.

रुग्णालयात यांनाच गुण देऊन धोका मोजतात: सुजेला २, कडकपणाला २, आणि मळमळ किंवा उलटी, वर चढलेलं वृषण, न होणारी हालचाल यांना प्रत्येकी १. सातपैकी ५ किंवा त्याहून जास्त गुण झाले की धोका मोठा धरतात. हे गणित डॉक्टरांसाठी आहे. घरी दोनच गुण भरले म्हणून निश्चिंत राहू नका. अचानक आलेली जोराची कळ एवढं एकच कारण निघायला पुरेसं आहे.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आईवडिलांनी लक्षात ठेवायलाच हवी. मुलगा लाजतो आणि "पोट दुखतंय" म्हणतो. कधी तो खरंच सांगत असतो, कारण गर्भात वृषण मूत्रपिंडांजवळ तयार होऊन खाली उतरतं, त्याच्या नसा वरूनच आलेल्या असतात, आणि पिळाची कळ खरोखरच ओटीपोटात जाणवते. पोटात अचानक दुखून उलटी झालेल्या मुलाला सरळ विचारा, "खाली दुखतंय का?" दुसरी फसगत खेळताना लागलेल्या माराची. चेंडू लागला, दुखलं, आता दुखणारच, असं समजून रात्र काढली जाते. मार लागल्यानंतर एक तास उलटूनही कळ कमी होत नसेल तर मार हे कारण पुरेसं मानू नका, कारण माराच्या झटक्याने पीळही पडू शकतो.

निघताना काय करायचं ते क्रमाने:

१. सुरू झाल्याची वेळ टिपा.
२. खाणंपिणं बंद. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते आणि भरल्या पोटी भूल देणं जोखमीचं असतं.
३. रात्रीही शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात जा. फक्त बाह्यरुग्ण विभाग चालवणाऱ्या ठिकाणी जाऊन तिथून पुढे पाठवलं गेलं तर तासदोन तास वाया जातात. शक्य असेल तर वाटेतूनच फोन करून शल्यचिकित्सक आहेत का विचारा.
४. पोहोचल्यावर खिडकीवर "पोटात दुखतंय" म्हणू नका. "वृषणात अचानक कळ आली, रात्री दोनला सुरू झाली, पीळ असू शकतो" असं सांगा. या एका वाक्याने रांगेतला क्रम बदलतो.
५. शेकू नका, तेल लावून चोळू नका, आणि पीळ स्वतः सोडवू नका. पीळ बहुतेकदा आतल्या दिशेने पडतो, म्हणून डॉक्टर पुस्तक उघडल्यासारखं वृषण बाहेरच्या बाजूला फिरवून पाहतात. पण साधारण तिघांत एकाचा पीळ उलट्या दिशेने असतो, आणि अंदाजाने फिरवलं तर तो आणखी घट्ट होतो. डॉक्टरांनी हाताने सोडवला तरी नंतर शस्त्रक्रिया करावीच लागते.

आणखी एक सापळा. पहाटे तीनला भयंकर कळ आली आणि चारला आपोआप थांबली, तर बहुतेक जण झोपून जातात. असं अचानक येऊन अचानक जाणारं दुखणं म्हणजे पीळ पडून सुटला असण्याची शक्यता असते. तो पुन्हा पडू शकतो आणि तेव्हा सुटेलच असं नाही. त्याच दिवशी युरॉलॉजिस्टला दाखवा आणि अशी कळ आधी किती वेळा आली होती ते सांगा.

रुग्णालयात काय होतं

डॉक्टर आधी दुखत नसलेली बाजू तपासतात, म्हणजे तुलना करता येते. मग दुखरी बाजू, जांघ आणि पोट. लघवीची तपासणी होते. शंका असेल तर रंगीत डॉपलर सोनोग्राफी होते, तिच्यात वृषणातलं रक्त वाहताना दिसतं. ही तपासणी चांगली असली तरी अचूक नाही. अर्धवट पिळात किंवा नुकत्याच सुटलेल्या पिळात रक्तप्रवाह जवळजवळ नेहमीसारखा दिसू शकतो. म्हणून लक्षणं ठाम असतील तर अनुभवी शल्यचिकित्सक सोनोग्राफीच्या रांगेत न थांबता सरळ उघडून बघायचं ठरवतात. उघडल्यावर पीळ निघाला नाही, तर एक छोटी जखम झाली एवढंच. थांबण्याच्या नादात वृषण गेलं तर ते परत येत नाही. डॉक्टर घाई करत असतील तर ती घाई तुमच्या बाजूची आहे.

शस्त्रक्रियेत अंडकोषावर छोटी चीर देऊन पीळ सोडवतात, वृषण कोमट ओल्या कापडात गुंडाळून काही मिनिटं थांबतात आणि त्याचा रंग परत येतो का बघतात. काळंनिळं पडलेलं गुलाबीकडे झुकू लागलं की ते वाचलं. मग न विरघळणाऱ्या टाक्यांनी त्याला आतल्या भिंतीला शिवून टाकतात. दुसऱ्या बाजूलाही तेच करतात, कारण मोकळी ठेवण तिथेही असू शकते. वृषण मेलेलं असेल तर काढावं लागतं. उरलेलं एक निरोगी वृषण संप्रेरकांसाठी आणि बहुतेकांच्या बाबतीत मूल होण्यासाठीही पुरतं. हे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला सांगायला हवं, मुलांना तर नक्कीच.

दुखणं हळूहळू चढलं असेल तर

एकदोन दिवसांत दुखणं वाढत गेलं, मागच्या बाजूने सुरू होऊन सगळं वृषण सुजलं, कातडी लाल आणि गरम झाली, लघवीला जळजळ किंवा ताप आहे, तर बहुधा अधिवृषणाला जंतुसंसर्ग झाला आहे. मोठ्या पुरुषांमध्ये वृषण दुखण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. वृषण हाताने वर उचलल्यावर बरं वाटलं तर संसर्ग, नाहीतर पीळ, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. या चाचणीवर विसंबू नका, ती पुष्कळदा चुकते.

जंतू कुठून आले यावर औषध ठरतं. साधारण पस्तिशीच्या आतल्या, लैंगिक संबंध असलेल्या पुरुषांमध्ये क्लॅमिडिया किंवा गोनोरियाचे, म्हणजे लैंगिक संबंधातून येणारे, जंतू जास्त सापडतात. त्यापुढच्या वयात, प्रोस्टेट वाढलेलं असताना किंवा लघवीची नळी घातल्यानंतर, आतड्यातले ई. कोलाय हे जंतू मूत्रमार्गातून मागे सरकून तिथे पोहोचतात. पहिल्या गटाला प्रचलित उपचार म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. दुसऱ्या गटाला बहुधा लिव्होफ्लॉक्सॅसिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, १० दिवस. गुदमैथुन करणाऱ्या पुरुषांमध्ये दोन्ही प्रकारचे जंतू असू शकतात, त्यामुळे औषधांची जोडी बदलते. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर न लाजता खरं सांगा. हे आकडे चिठ्ठी समजून घेण्यासाठी दिले आहेत, दुकानातून स्वतःच औषध आणण्यासाठी नाहीत. लिव्होफ्लॉक्सॅसिनने स्नायूबंध दुखावू शकतात, त्यामुळे टाच किंवा खांदा दुखू लागला तर लगेच कळवा. डॉक्सिसायक्लिन ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दोन्ही औषधं पित्ताच्या औषधासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतली तर नीट शोषली जात नाहीत.

पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्या. क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी तासभर लघवी न करता मग धारेचा अगदी सुरुवातीचा भाग, आणि कल्चरसाठी (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) मधली धार. दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळे नमुने. एकाच बाटलीत दोन्ही भागवले तर एक अहवाल हमखास फसवतो.

घरची काळजी औषधाइतकीच महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच अर्धवट केली जाते. पाठीवर झोपा. एका छोट्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करून दोन मांड्यांवर आडवी ठेवा आणि अंडकोष तिच्यावर टेकवा, म्हणजे तो मांडीच्या पातळीपेक्षा खाली लोंबत नाही. सूज उतरायला याने खरोखर मदत होते. बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून चारपाच वेळा. कातडीवर थेट ठेवला तर तिथली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. उठून वावरताना घट्ट बसणारी अंतर्वस्त्रं किंवा सपोर्टर घाला. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर दिवसातून तीनदा चालतं, पण मूत्रपिंडाचा आजार, पोटात व्रण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ते टाळा आणि पॅरासिटामॉल घ्या: ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान सहा तास.

तीन दिवसांत ताप आणि ठणका उतरायला हवा. नाही उतरला तर पुन्हा दाखवा. पू साठला असेल, जंतू त्या औषधाला दाद देत नसतील, किंवा निदानच वेगळं असेल. ठणका गेला तरी कडक गाठीसारखी सूज काही आठवडे राहू शकते, तिला घाबरू नका. पण आठवड्यांनी सूज वाढतच असेल, किंवा कातडीला छिद्र पडून पाझरू लागलं, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. नेहमीच्या प्रतिजैविकांनी तो हटत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती चौथ्या दिवशी. बरं वाटतं आणि गोळ्या बंद होतात. दुसरी चूक जोडीदाराची. कारण लैंगिक संसर्ग असेल तर गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदारांनाही तपासणी आणि उपचार हवेत, आणि दोघांचं औषध संपून लक्षणं जाईपर्यंत संबंध नकोत. नाहीतर तोच जंतू परत फिरून येतो आणि दोष औषधाला दिला जातो.

गालगुंड, मुलांची छोटी गाठ, मार

गालगुंडाने गाल सुजल्यानंतर चार ते आठ दिवसांनी वृषण सुजलं तर तो विषाणूचाच उद्योग. वयात आलेल्या मुलांत आणि पुरुषांत हे होतं, लहान मुलांत सहसा नाही. प्रतिजैविकांचा उपयोग नाही. आराम, आधार, बर्फ आणि वेदनाशामक एवढाच उपाय. नंतर ते वृषण थोडं लहान होऊ शकतं, पण त्यामुळे मूलच होत नाही असं क्वचित घडतं.

सात ते बारा वर्षांच्या मुलांत वृषणाच्या वरच्या टोकाला गर्भावस्थेतून उरलेल्या मण्याएवढ्या अवशेषाला पीळ पडतो. कातडीतून तिथे निळसर ठिपका दिसतो आणि दुखणं त्या एका जागी असतं. आठदहा दिवसांत ते आपोआप शमतं. पण हा निर्णय डॉक्टरांनी तपासल्यावरच घ्यायचा, कारण खऱ्या पिळापासून याला घरी वेगळं काढता येत नाही.

माराने कळवळणं स्वाभाविक, पण ते तासाभरात ओसरायला हवं. अंडकोष झपाट्याने फुगत असेल, काळानिळा पडत असेल किंवा वृषणाचा आकार हाताला लागेनासा झाला असेल तर आवरण फाटलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर झाली तर वृषण वाचवता येतं.

मधुमेह असलेल्या माणसाने एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. अंडकोषाच्या किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीत दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखत असेल, कातडी काळपट होत असेल, घाण वास येत असेल किंवा दाबल्यावर करकर जाणवत असेल, तर ही काही तासांत पसरणारी सड आहे. थेट तातडीच्या विभागात जा.

संध्याकाळी जड होणारं दुखणं

दिवसभर उभं राहिल्यावर डाव्या बाजूला ओढल्यासारखं, जड वाटतं आणि आडवं झालं की उतरतं, तर शिरा फुगलेल्या असाव्यात. उभं राहून हात लावला तर वृषणाच्या वर गांडुळांचा गुंता भरलेली पिशवी असावी तसं लागतं. साधारण १५ टक्के पुरुषांत हे असतं आणि बहुतेकांना काही करावं लागत नाही. दुखणं सतत त्रास देत असेल, वृषण लहान होत असेल किंवा मूल होण्यात अडचण येत असेल तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. अशा शिरा फक्त उजव्या बाजूला अचानक फुगल्या किंवा आडवं झाल्यावरही रिकाम्या झाल्या नाहीत तर मूत्रपिंडांची आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

खोकल्यावर जांघेत फुगवटा येत असेल तर तो हर्निया. तो अडकून कडक झाला आणि उलट्या सुरू झाल्या की तीही तातडीच. वृषणाला हात लावला तर अजिबात दुखत नाही पण कळ पाठीतून कमरेवरून खाली वृषणात उतरते, तर मुतखडा शोधा.

गाठ लागली, पण दुखत नाही

वृषणाचा कर्करोग १५ ते ३५ या वयात जास्त दिसतो आणि बहुतेकदा तो दुखत नाही. म्हणूनच तो उशिरा लक्षात येतो. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर कातडी सैल असते, तेव्हा एकेक वृषण अंगठा आणि दोन बोटांमध्ये हलकेच फिरवून बघा. मागचा मऊ, दोरीसारखा भाग म्हणजे अधिवृषण, ती गाठ नव्हे. एक वृषण थोडं मोठं असणं किंवा डावं थोडं खाली लोंबणं नेहमीचं आहे. वृषणाच्या अंगातच कडक, वाटाण्याएवढा उंचवटा लागला तर याच आठवड्यात सोनोग्राफी. रक्तात अल्फाफीटोप्रोटीन, बीटा एचसीजी आणि एलडीएच हे या कर्करोगात वाढू शकणारे घटक तपासतात. अंडकोषातून सुई घालून तुकडा काढायला कोणी सुचवलं तर थांबा आणि दुसरं मत घ्या. त्याने रोग पसरण्याचा मार्ग बदलू शकतो, म्हणून वृषण जांघेतल्या चिरेतूनच काढतात. वेळेत सापडला तर हा कर्करोग जवळजवळ नेहमी बरा होतो.

तीन महिने झाले, सगळे अहवाल चांगले, तरी दुखतंय

हे दुखणं खरं असतं, मनाचा खेळ नसतो. नसबंदीनंतर काहींना असं दुखत राहतं, काहींना संसर्ग जाऊनही नस संवेदनशील राहते, आणि काहींचं मूळ ओटीपोटाच्या तळाच्या घट्ट झालेल्या स्नायूंत, कंबरेत किंवा नितंबाच्या सांध्यात असतं. इथे उपचार पायरीपायरीने चढतात. आधी आधार देणारी अंतर्वस्त्रं आणि काही आठवडे वेदनाशामक, बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावर उपाय, बराच वेळ बसून काम असेल तर दर तासाला उठणं. मग ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखं नसांचं औषध अगदी छोट्या मात्रेत. पुढची पायरी शुक्ररज्जूभोवती बधिर करण्याचं इंजेक्शन. त्याने दुखणं निम्म्याहून जास्त गेलं तर सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या नसा तोडण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडण्याची शक्यता असते. इंजेक्शनने काहीच फरक पडला नाही तर त्या शस्त्रक्रियेचीही आशा कमी, म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं. वृषणच काढून टाकण्याची गोष्ट कोणी सुरुवातीलाच काढली तर नकार द्या, कारण ते काढल्यावरही त्याच जागी दुखत राहिलेले रुग्ण असतात.